‘अवेकनिंग्ज’ : चलन, संकल्प आणि रुग्णाची वाणी
(ऑलिव्हर सॅक्स यांच्या ग्रंथाची एक चिकित्सा)

सारांश

ऑलिव्हर सॅक्स यांचा ‘अवेकनिंग्ज’ (१९७३) हा ग्रंथ वैद्यकीय नोंद आणि साहित्यकृती या दोन्ही नात्यांनी वाचला जातो. हालचाल, निर्णय आणि अध्ययन ही मेंदूची तीन कार्ये परस्परांत गुंतलेली असतात, याची जाणीव सामान्य वाचकाला करून देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना करावी लागते. पुढील अर्धशतकातील मज्जाविज्ञानाने त्यातील काही निरीक्षणांना पुष्टी दिली, काहींचा अर्थ बदलला. २०२५ मध्ये सॅक्स यांच्या रोजनिशीतील मजकूर प्रकाशात आल्यानंतर ग्रंथातील रुग्णांच्या वाणीविषयी गंभीर शंका निर्माण झाली आहे. या पार्श्वभूमीवर ग्रंथातील कोणता भाग पुरावा म्हणून टिकतो आणि कोणता टिकत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे.

बीजसंज्ञा : रुग्णवृत्त, रुग्णकथा, चलन, संकल्प, डोपामिन, लेवोडोपा.

प्रस्तावना

माणूस हात उचलतो तेव्हा तो कृती करतो, की निर्णय घेतो, की पूर्वी शिकलेले पुन्हा वापरतो? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न केवळ शब्दांचा खेळ वाटू शकतो. ज्या माणसाचा हात दशकानुदशके उचललाच गेला नाही, त्याच्या बाबतीत मात्र तो जीवनमरणाचा होतो. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या बेथ अब्राहम रुग्णालयात १९६६ मध्ये दाखल झालेल्या तरुण डॉक्टर सॅक्स यांच्यासमोर अशी सुमारे ऐंशी माणसे होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात सुरू होऊन जगभर पसरलेल्या आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओसरलेल्या ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ या मेंदूज्वराच्या साथीतून ती वाचली होती. व्हिएन्नातील कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये या व्याधीचे वर्णन केले होते. साथीने जवळजवळ पन्नास लाख लोकांना ग्रासले असा आकडा सॅक्स देतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे पार्किन्सन व्याधीसारखी, परंतु तिच्याहून तीव्र अशी स्तब्धता आली.

मार्च १९६९ पासून सॅक्स यांनी या रुग्णांना लेवोडोपा हे औषध देण्यास प्रारंभ केला. वर्षानुवर्षे निश्चल असलेली माणसे उठली, बोलू लागली, चालू लागली. काही आठवड्यांतच त्यांपैकी बहुतेकांना अनावर हालचाली, अनावर इच्छा आणि पुन्हा स्तब्धता यांच्या चक्रातून जावे लागले. या अनुभवावर आधारलेली वीस रुग्णवृत्ते ‘अवेकनिंग्ज’मध्ये आहेत. ग्रंथाला १९७४ चा हॉथॉर्नडेन पुरस्कार मिळाला, हॅरॉल्ड पिंटर यांनी त्याच्या प्रेरणेने १९८२ मध्ये ‘अ काइंड ऑफ अलास्का’ हे नाटक लिहिले आणि १९९० मध्ये त्यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला. या कीर्तीमुळे ग्रंथ सर्वश्रुत झाला. त्याचे काटेकोर वाचन मात्र त्या मानाने कमीच झाले.

व्याधीचे नाव आणि नावाची मर्यादा

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या छोटेखानी पुस्तिकेत या व्याधीला ‘थरथरणारा पक्षाघात’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तीत ज्ञानेंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात, असे नमूद केले. या एका विधानाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. व्याधी स्नायूंची, हातापायांची. मन तिच्यापलीकडे सुरक्षित, अशी विभागणी वैद्यकात रूढ झाली. मराठीत आणि एकूणच भारतीय परंपरेत रूढ असलेली ‘कंपवात’ ही संज्ञाही डोळ्यांना दिसणाऱ्या थरथरीवरच बोट ठेवते. जे दिसत नाही ते, म्हणजे हालचालीचा आरंभच न होणे, हे या नावात येत नाही. घरातील ज्येष्ठ व्यक्ती हाक मारूनही उठत नाही, ताटातला घास तोंडापर्यंत नेत नाही, तेव्हा तिला ‘आळस’ किंवा ‘हट्ट’ अशी लेबले सहज चिकटतात, यामागे नावाची ही मर्यादाही आहे.

या संदर्भात भारतीय वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ज्या लेवोडोपाभोवती ‘अवेकनिंग्ज’ फिरतो, ते द्रव्य १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी युरोपातील बाकला शेंगेतून वेगळे केले होते. आणि १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी ते खाजकुयलीच्या बियांतून वेगळे करून दाखविले. आयुर्वेदात कपिकच्छू नावाने परिचित असलेली ही वनस्पती कोकणात आणि घाटमाथ्यावर अंगाला खाज आणणारी वेल म्हणून सर्वांना ठाऊक आहे. मात्र एवढ्यावरून आधुनिक शोधाचे सारे श्रेय प्राचीनांकडे वळविणे योग्य होणार नाही. द्रव्य हाती असणे आणि ते मेंदूत काय करते हे कळणे यांत अंतर आहे. डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले, पार्किन्सन रुग्णांच्या मेंदूत त्याची तीव्र उणीव असते हे एरिंगर व हॉर्निकीविच यांनी १९६० मध्ये सिद्ध केले आणि तोंडावाटे मोठ्या मात्रेत लेवोडोपा देण्याची उपयुक्तता कोट्झियास यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. सॅक्स यांचा प्रयोग या साखळीतील पुढचा दुवा होता.

ग्रंथाचा घाट

सॅक्स यांनी आरंभी नव्वद दिवसांची रीतसर चाचणी योजिली होती. काही रुग्णांना औषध, काहींना औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही अज्ञात, असा तिचा आराखडा होता. पहिल्याच रुग्णांवरील परिणाम पाहून तो त्यांनी सोडून दिला. ज्यांना उठविणे शक्य आहे त्यांना झोपेत ठेवणे त्यांना अनैतिक वाटले. हा निर्णय मानवी दृष्टीने समजण्याजोगा आहे. तथापि त्यामुळे आकड्यांच्या पुराव्याची जागा कथनाला घ्यावी लागली आणि पुराव्याचा सारा भार कथनकाराच्या विश्वासार्हतेवर येऊन पडला. ‘अवेकनिंग्ज’ची शक्ती आणि दुर्बलता या दोन्हींचे मूळ येथे आहे.

रुग्णवृत्तांना सॅक्स यांनी तीन टप्प्यांची चौकट दिली आहे : जागृती, क्लेश आणि समायोजन. या चौकटीवर धार्मिक आख्यानाची छाया स्पष्ट दिसते. स्वर्गप्राप्ती, पतन आणि पश्चात्तापानंतरची शांती असा तिचा क्रम आहे. वीस भिन्न माणसांची आयुष्ये या एकाच आराखड्यात बसविल्यामुळे वाचकाला अर्थ गवसतो. परंतु ज्यांचे आयुष्य त्यात बसत नाही त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही संभवतो. चित्रपटाने तर वीसांची व्यथा प्रामुख्याने एका नायकात एकवटली आणि या आराखड्याचे रूपांतर करुणरम्य कथेत केले. येथे एक भेद करणे उपयुक्त ठरेल. ज्यात निरीक्षण अग्रभागी असते ते ‘रुग्णवृत्त’ आणि ज्यात अर्थ अग्रभागी असतो ती ‘रुग्णकथा’. ‘अवेकनिंग्ज’मध्ये ही दोन्ही एकाच परिच्छेदात नांदतात, वाचकाने ती वेगळी करावयास हवीत.

पायरी, रेघ आणि चेंडू : हालचालीतील निर्णय

ग्रंथातील रुग्णवृत्ताचा भाग आजही विलक्षण आहे. फ्रान्सिस डी. या बाईंना सपाट जमिनीवर चालताना पाय थिजल्याचा अनुभव येई. जिने मात्र त्या विनासायास चढत. सारे जग जिन्यांचेच असते तर आपल्याला अडचण पडली नसती, अशा आशयाचे त्यांचे उद्गार ग्रंथात आहेत. प्रत्येक पायरी त्यांच्या पावलाला जणू आज्ञा देत असे. संगीत सुरू झाले की हालचाल वाहू लागे, ते थांबले की हालचालही थांबे. हेस्टर वाय. यांच्याकडे चेंडू टाकला तर तो अतिवेगाने परत येई. परत फेकण्याआधी दहा आकडे मोजावेत असे सांगितल्यावर त्यांनी ते क्षणार्धात मोजले, आणि आपण इतक्या वेगाने मोजले याची त्यांना जाणीवही नव्हती.

या निरीक्षणांतून असे दिसते की, या रुग्णांचे स्नायू शाबूत होते आणि इच्छाही शाबूत असावी. बिघाड त्या दोहोंमधल्या दुव्यात होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या ‘बेसल गँग्लिया’ या पेशीसमूहांचे कार्य याच दुव्याशी निगडित आहे. एका क्षणी शक्य असलेल्या अनेक हालचालींपैकी एकीला वाट मोकळी करून देणे आणि उरलेल्यांना रोखून धरणे, असे या कार्याचे स्थूल वर्णन करता येते. डोपामिन आटले की रोखण्याची बाजू बळावते आणि बहुतेक वाटा बंद होतात. बाहेरून पायरी, रेघ किंवा ताल मिळाला तर मेंदूतील दुसऱ्या मार्गाने हालचाल सुरू होऊ शकते. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी याच साथीतून वाचलेल्या रुग्णांचा अभ्यास करून १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, जमिनीवर आडव्या रेघा आखल्यास थिजलेली पावले पुढे पडतात हे नोंदविले होते. म्हणजेच फ्रान्सिस यांच्या पायऱ्यांना सॅक्स यांच्या लेखणीबाहेरचा स्वतंत्र साक्षीदार आहे.

पुढील संशोधनाने हा मुद्दा अधिक सूक्ष्म केला. माझोनी, ह्रिस्तोव्हा आणि क्राकाउअर यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्क येथूनच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्किन्सन रुग्णांना ठरावीक वेगाने हात नेण्यास सांगितले. रुग्ण तो वेग गाठू शकले आणि त्यांची अचूकताही निरोगी व्यक्तींइतकीच होती. मात्र तेवढ्या वेगवान हालचाली पूर्ण होण्यासाठी त्यांना अधिक प्रयत्न करावे लागले. यावरून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, मंदपणा हा केवळ अक्षमतेचा परिणाम नसून, वेगासाठी पडणारे श्रम मेंदूला नकळत महाग वाटू लागल्याचा परिणाम आहे. प्रत्येक हालचालीच्या मागे लाभ आणि श्रम यांचा एक अबोध हिशेब असतो व डोपामिन त्या हिशेबात सहभागी असते. ‘इच्छा आहे पण हालचाल नाही’ हे पार्किन्सनकालीन वर्णन या ठिकाणी अपुरे पडते, कारण इच्छेचे वजन ठरविणारी यंत्रणाच आजारी असते. हालचाल आणि निर्णय यांमधली भिंत अशा रीतीने ढासळते. सॅक्स यांना ही भिंत ढासळताना दिसली होती. ती कशाने ढासळते हे सांगण्याची साधने १९७३ मध्ये उपलब्ध नव्हती.

क्लेश आणि अध्ययन : ग्रंथाला न दिसलेले

अध्ययनाच्या अंगाने पाहता ग्रंथाची मर्यादा अधिक स्पष्ट होते. जागृतीनंतर आलेला क्लेशाचा टप्पा, म्हणजे झटके, पुनरावृत्त कृती, अनावर भूक व कामेच्छा, अतिउत्साह, यांचे स्पष्टीकरण सॅक्स दोन दिशांनी देतात. एक दिशा अस्तित्ववादी आहे : दशकानुदशके दडपलेले आयुष्य एकाएकी उसळून येते. दुसरी दिशा सामाजिक आहे : १९६९ च्या शरदात रुग्णालयाचा कारभार अधिक कठोर झाला, रुग्णांचे परस्परसंबंध तुटले आणि त्याचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. याउलट मिरॉन व्ही. या चर्मकारास जोडे शिवण्याचे काम पुन्हा मिळाल्यावर स्थैर्य आले, हेही ते दाखवितात. ही दुसरी दिशा मोलाची आहे. औषधाचा परिणाम केवळ मात्रेवर अवलंबून नसतो, तर ज्या जगात रुग्ण जागा होतो त्या जगावरही अवलंबून असतो, हा तिचा आशय आजही ताजा वाटतो.

परंतु यात एक तिसरी दिशा निसटली. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन-पेशींच्या नोंदी घेतल्या असता असे दिसले की, अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी चेतवल्या जातात. रसाआधी ठराविक खूण येते हे माकड शिकले की चेतना खुणेच्या क्षणी सरकते. आणि खूण होऊनही रस मिळाला नाही तर नेमक्या त्या वेळी पेशींची क्रिया मंदावते. शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचा असा अर्थ लावला की, या पेशी अपेक्षा आणि प्राप्ती यांतील तफावत कळवितात व त्या तफावतीतून मेंदू शिकतो. वृत्तपत्रांतून डोपामिनला सर्रास ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, ते या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे.

मानवी रुग्णांवरील अभ्यास याच्याशी जुळतात. नोल्टन, मँगेल्स आणि स्क्वायर यांनी १९९६ मध्ये काही पत्ते दाखवून ‘पाऊस की ऊन’ याचा अंदाज बांधण्याचे काम दिले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना हे काम हळूहळू जमले, पण आपण काय केले ते त्यांना नीट आठवेना. पार्किन्सन रुग्णांना काय केले ते आठवत होते, पण काम जमत नव्हते. जाणीवपूर्वक स्मरण आणि नकळत लागणारी सवय यांचे मेंदूतील आधार भिन्न असल्याचा हा निर्देश होता. फ्रँक, सीबर्गर आणि ओराइली यांनी २००४ मध्ये दाखविले की, औषध न घेतलेले पार्किन्सन रुग्ण चुकांच्या फळांतून अधिक चांगले शिकतात, तर औषध घेतलेले रुग्ण यशाच्या फळांतून. म्हणजे गोळी हात हलविते आणि त्याच वेळी कोणत्या अनुभवातून धडा घ्यावयाचा हेही बदलते. या दिशेचे सामाजिक परिणाम २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाइनट्रॉब व सहकाऱ्यांच्या पाहणीत आढळतात. ३०९० पार्किन्सन रुग्णांपैकी १३.६ टक्के रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे वा कामेच्छा यांवरील ताबा सुटल्याचे दिसले. डोपामिनसदृश औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते.

या प्रकाशात ‘क्लेश’ हा टप्पा निराळा दिसू लागतो. लिओनार्ड एल. यांची उसळलेली महत्त्वाकांक्षा हा दडपलेल्या आत्म्याचा उद्रेक असेलही; परंतु तफावत मोजणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक क्षणी ‘अपेक्षेहून अधिक मिळाले’ असा खोटा संदेश जात राहिल्याचाही तो परिणाम असू शकतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील प्रयोग नेहमीच्या पार्किन्सन रुग्णांवरचे आहेत. मेंदूज्वरानंतरची व्याधी अधिक व्यापक होती. त्यामुळे हे स्पष्टीकरण सॅक्स यांच्या रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेचीही स्वतःची संकुचितता असते. पत्ते आणि रसाचे थेंब यांच्या हिशेबात, चाळीस वर्षे गमावल्याची जाणीव कोणत्या रकान्यात लिहावयाची? रोज आर. या बाई १९२६ मध्ये आजारी पडल्या आणि १९६९ मध्ये जागृत झाल्या. आताचे साल त्यांना ठाऊक होते, तरी त्या १९२६ मध्येच वावरत होत्या आणि काही काळाने पुन्हा स्तब्ध झाल्या. ही हानी कोणत्याही ‘तफावती’च्या सूत्रात मावत नाही. विज्ञान यंत्रणा सांगते, तिचे मोल मात्र कथनातूनच समजते.

वाणीचा पुरावा

कथनाचे हे सामर्थ्य मान्य केल्यावरच पुढील प्रश्नाची तीव्रता कळते. डिसेंबर २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या नियतकालिकात रेचल अविव यांनी सॅक्स यांच्या रोजनिशा व पत्रे अभ्यासून लिहिलेला दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. रुग्णकथांत आपण काही भर घातली, रुग्णांना त्यांच्यापाशी नसलेली वाक्शक्ती दिली, अशी बोचणी सॅक्स यांनी स्वतःच खासगीत नोंदविली होती, हे त्यातून पुढे आले. सॅक्स यांचे निधन २०१५ मध्ये झालेले असल्याने त्यांची बाजू त्यांच्याकडून ऐकण्याची शक्यता उरलेली नाही.

या प्रकटनाचा सर्वाधिक परिणाम लिओनार्ड एल. यांच्या रुग्णवृत्तावर होतो. शेचाळीस वर्षांचे, व्यासंगी, बोलता न येणारे लिओनार्ड अक्षरफलकावर बोट ठेवून संवाद साधत. आपली अवस्था कशी आहे असे विचारल्यावर त्यांनी रिल्के यांच्या पिंजऱ्यातील चित्त्यावरील कवितेचा निर्देश केला, असे ग्रंथ सांगतो. अखेरीस औषधाचे सर्व खेळ सोसल्यावर ते औषध नाकारतात आणि आपण आहोत तसेच राहू असे म्हणतात. वाचकाच्या मनात ग्रंथ ज्या स्थळी खोलवर रुजतो ते हे स्थळ आहे. माणूस आपल्या मेंदूतील रसायनापेक्षा मोठा आहे, आणि निर्णय शेवटी त्याचाच, हा आशय येथे सिद्ध झाल्यासारखा वाटतो. परंतु तो सिद्ध होतो तो एका वाक्यातून, आणि ते वाक्य आपल्यापर्यंत पोहोचते केवळ सॅक्स यांच्या लेखणीतून. ती लेखणी रुग्णांना शब्द पुरवीत होती अशी कबुली असेल, तर स्वतंत्र नोंदीच्या अभावी हे वाक्य कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. ज्याची निर्णययंत्रणाच व्याधीने आणि औषधाने बदलते, त्याचा नकार किंवा होकार कसा ओळखावा, हा रुग्णालयातील रोजचा पेच आहे. अशा रुग्णाच्या वतीने डॉक्टर, नातलग, परिचारिका बोलत असतात. सद्हेतूने बोलणारी व्यक्तीही रुग्णाच्या तोंडी आपल्याला भावलेला अर्थ घालते, आणि तो अर्थ जितका सुंदर तितका त्याविषयी संशय घेणे अवघड होते. मूक माणसाला वाणी देण्याच्या ओघात त्याचे मौन हिरावले जाण्याचा हा धोका ‘अवेकनिंग्ज’ने, कदाचित अनवधानाने, जगापुढे आणला आहे.

म्हणून ग्रंथ संपूर्णपणे बाद ठरवावा का? तसे करणे उतावळेपणाचे होईल. हालचालींचे वर्णन स्वतंत्रपणे तपासता येते. सॅक्स यांनी रुग्णांचे चलच्चित्रण केले होते. यॉर्कशायर टेलिव्हिजनचा १९७४ चा अनुबोधपट उपलब्ध आहे. पर्डन मार्टिन यांची निरीक्षणे सॅक्स यांच्या आधीची आहेत. आणि नंतरचे प्रयोग त्यांच्याशी सुसंगत आहेत. थिजलेले पाऊल, जिन्याने दिलेली आज्ञा, औषधाच्या परिणामातील चढउतार या गोष्टी एका लेखकाच्या शब्दावर उभ्या नाहीत. याउलट रुग्णाच्या अंतरंगाविषयीची आलंकारिक विधाने स्वतंत्र आधार मिळेपर्यंत सॅक्स यांचे चिंतन म्हणून वाचावीत. रुग्णाची साक्ष म्हणून ती उद्धृत करू नयेत. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान वा साहित्य शिकविताना हा ग्रंथ वापरणाऱ्या अध्यापकांनी हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडणे अगत्याचे आहे.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात.

१. ‘कंपवात’ या संज्ञेमुळे झाकली जाणारी स्तब्धता ‘अवेकनिंग्ज’ने दृश्य केली. हालचालीचा आरंभ हाच एक निर्णय असतो, ही त्याची अंतर्दृष्टी पुढील संशोधनाने बळकट केली आहे.

२. औषधोत्तर क्लेशाचे ग्रंथातील स्पष्टीकरण अपूर्ण आहे. डोपामिनचा अध्ययनाशी असलेला संबंध ध्यानात घेतल्यास अनावर इच्छा आणि कृती यांना केवळ अस्तित्ववादी अर्थ देता येत नाही. मात्र रुग्णालयातील वातावरणाविषयीची सॅक्स यांची निरीक्षणे आजही विचारार्ह आहेत.

३. २०२५ नंतर ग्रंथातील रुग्णांच्या वाणीचा पुरावा म्हणून विनाचिकित्सा स्वीकार करता येत नाही. देहाच्या हालचालींची नोंद आणि अंतरंगाचे कथन या दोहोंना भिन्न निकष लावणे क्रमप्राप्त आहे.

मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने निर्णय, अध्ययन आणि चलन हे एकाच विणीतील धागे आहेत. ‘अवेकनिंग्ज’ने ही वीण दाखविली, आणि ती वीण उसवलेल्या माणसाविषयी लिहिताना लेखकाचा स्वतःचा धागा त्यात किती सहज मिसळतो, हेही दाखविले. फ्रान्सिस यांना पायरी हवी होती. पाऊल त्यांचेच होते. रुग्णाविषयी लिहिणाऱ्याने पायरीचे काम करावे, पाऊल आपले मानू नये, एवढे भान या ग्रंथाच्या पुनर्वाचनातून आले तरी ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.